इंडेसाहेब आणि त्यांचे लॉर्ड

कुत्र्याला अहोजाहो करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. संध्याकाळी मिलमधून परत आले की चपला काढायच्या आधी ते कट्ट्यावरूनच बायकोला विचारायचे, "लॉर्ड जेवले का?"

आतून उत्तर यायचं, "गिळलंय की मघाशीच!"

"गिळलंय काय, गिळलंय? साहेबांचे कुत्रे आहेत ते."

हे गुरुपादप्पा इंडे. आमच्या मिलच्या ऑफिसात हेडक्लार्क. आम्ही कनिष्ठ मंडळी त्यांना इंडेसाहेब म्हणायचो, पण साहेबांच्या केबिनमधून हाक यायची ती नुसती "इंडेऽ" अशी. मी नातेपुत्याहून सोलापुरात येऊन टायपिस्ट म्हणून नोकरीला लागलो तेव्हा त्यांनीच मला आपल्या शेजारची पत्र्याची खोली भाड्याने मिळवून दिली. दोन घरांत एकच भिंत, आणि तीही वर पत्र्यापर्यंत न पोचलेली. इंड्यांच्या घरातलं बोलणं ऐकायला मला कान द्यावे लागत नसत, न ऐकायचं म्हटलं तरच कष्ट पडत.

सुरुवातीला ऐकण्यासारखं काही नसायचंच म्हणा. सकाळी "पाणी तापलं का?" आणि रात्री "वाढ." एवढ्यावर त्या नवरा-बायकोचा संसार चालला होता. एकुलती एक मुलगी लग्न होऊन विजापूरकडे गेली होती आणि जाताना घरातलं बोलणंही बरोबर घेऊन गेली असावी. गंगाक्का, म्हणजे इंड्यांची बायको, मैंदर्गीची. घरात कानडी, दारात मराठी आणि देवासमोर कानडी. इंडेही घरात कानडीच बोलत, पण ऑफिसात त्यांच्या तोंडून कानडीचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता. तिथे मराठी, आणि केबिनमध्ये इंग्रजी. इंग्रजी म्हणजे काय, तर "यस सर."

काळा कोट, काळी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे. केबिनची घंटा वाजली की त्यांचा हात आधी टोपीकडे जाई, मग पाय केबिनकडे. मला ऐकवायचं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "साहेब चुकत नसतात, मोरे. कधीकधी आपण वेळेवर बरोबर नसतो." एका गुरुवारी साहेबांनी विचारलं, "आज बुधवार ना?" इंडे "यस सर" म्हणाले, आणि बाहेर येऊन मला हळूच सांगितलं, "पत्रावर तारीख कालची टाक."

अशा माणसाच्या घरी कुत्रा आला तो हौसेने आला नव्हता, हे सांगायला नकोच. मॅनेजरसाहेबांची मुंबईला बदली झाली. बंगल्यावर त्यांचा एक अल्सेशियन होता, लॉर्ड नावाचा, आणि मुंबईत फ्लॅट मिळणार होता दोन खोल्यांचा. निरोपाच्या दिवशी साहेबांनी सगळ्या स्टाफवर नजर फिरवली. सगळ्यांना एकदम आपापल्या टेबलावर काहीतरी महत्त्वाचं काम दिसलं. इंडे तेवढे उभे राहिले, कारण साहेब उभे असताना ते कधी बसतच नसत.

"इंडे, लॉर्डला तुम्ही ठेवा. सोय झाली की मी नेईन. आय ट्रस्ट यू."

"यस सर."

त्या संध्याकाळी इंडे कुत्रा घेऊन गल्लीत शिरले तेव्हा मी मागेच होतो. कुत्रा घेऊन शिरले म्हणण्यापेक्षा कुत्रा त्यांना घेऊन शिरला. कोपऱ्यावर नरसम्मा दारात विड्या वळत बसलेली असायची. तिने सूप उचललं आणि आत पळाली. गल्लीतली बेवारशी कुत्री भुंकायला म्हणून पुढे आली, आणि लॉर्डचं एकंदर अंग पाहून न भुंकता परत फिरली. गंगाक्का दारात येऊन उभी राहिली. तिने कुत्र्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि कानडीत विचारलं, "हे कुणाचं?"

"साहेबांचं."

"मग हितं कशाला?"

इंडे साखळी सोडायला वाकले. तेवढ्यात लॉर्ड सरळ आत गेला आणि इंड्यांच्या खाटेवर चढून बसला. साहेबांनी निघताना बजावलं होतं, "त्याला खणखणीत नो म्हणायला शिका, इंडे. नाहीतर डोक्यावर बसेल." इंडे खाटेजवळ गेले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "नो... नो, सर."

लॉर्डने डोळे मिटले. त्या दिवसापासून इंडे जमिनीवर झोपू लागले.

खरी पंचाईत पुढे होती. लॉर्डला इंग्रजीशिवाय काही कळत नव्हतं. आमच्या गल्लीत कानडी होती, तेलुगू होती, मराठी होती, मागच्या बोळात दख्खनी होती. नव्हती ती फक्त इंग्रजी. "हाड" म्हटलं तर कुत्रा प्रेमाने जवळ यायचा. त्यामुळे सगळ्या गल्लीला इंग्रजी शिकावं लागलं. नरसम्मा, जिला मराठीही धड येत नव्हतं, ती सूप सावरत ओरडू लागली, "गो बॅक रे बाबू, गो बॅक!" पाण्याच्या नळावर बायका घागरी सोडून म्हणायच्या, "सिट की! सिट म्हणलं न्हवं?" गंगाक्काला मात्र 'लॉर्ड' हा शब्द जिभेवर बसेना. तिने त्याचा लाडू केला. इंड्यांना ते पटलं नाही. साहेबांनी ठेवलेलं नाव बदलणं म्हणजे साहेबांच्या सहीवर खाडाखोड. पण लाडू म्हटलं की तो कान टवकारायचा आणि लॉर्ड म्हटलं की उठायचा, असं दोन्ही खात्यांचं काम एकाच प्राण्याकडून सुरळीत चालू लागलं.

जेवणाचं काय, हा त्याहून मोठा प्रश्न. बंगल्यावर लॉर्डला अंडी मिळत, मटणाची हाडं मिळत. इंड्यांच्या घरात कांदासुद्धा सोमवारी येत नसे. पहिल्या दिवशी त्याच्यापुढे दूध-भाकरी ठेवली. त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. इंड्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मोरे, साहेबांचे कुत्रे उपाशी आणि मी जेवू?" असं म्हणून त्यांनीही ताट सारलं. ऑफिसात ते भिंतीला धरून चालू लागले. गंगाक्काने एक दिवस सोसलं. मग संध्याकाळी तिने स्वतःपुरती गरम ज्वारीची भाकरी थापली, वर शेंगाचटणी आणि दही घेतलं आणि चुलीपाशी बसून म्हणाली, "तुमी दोघं मरा उपाशी. मी जेवते."

लॉर्ड उठला. शांतपणे तिच्यापाशी गेला आणि तिच्या ताटातली भाकरी चटणीसकट उचलून खाऊ लागला. तिखटाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो थांबला नाही. भिंतीपलीकडून मला इंड्यांचा कापरा आवाज ऐकू आला, "स्वीकारलं! लॉर्डनी स्वीकारलं!" आणि पाठोपाठ गंगाक्काचा, "माझं ताट की ते!" आणि मग जे ऐकू आलं ते मी त्या घरातून पहिल्यांदाच ऐकत होतो. गंगाक्का हसत होती.

त्यानंतर लॉर्ड शाकाहारी झाला, असं इंडे ऑफिसात सांगू लागले. वस्तुस्थिती थोडी वेगळी होती. सकाळी दोघं फिरायला जात तेव्हा कोपऱ्यावर मटणाचं दुकान लागे. तिथे पोचलं की इंडे साखळी सोडून देत, पाठ फिरवत आणि समोरच्या भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर लक्ष देऊन वाचत. लॉर्ड जिभल्या चाटत परत आला की पुन्हा साखळी लावून पुढे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ते बाहेर काय खातात हे आपण विचारत नाही. साहेबलोकांचं तसंच असतं."

हे फिरणंही सांगण्यासारखं आहे. डॉक्टरांनी इंड्यांना साखरेसाठी रोज चालायला सांगून कित्येक वर्षं झाली होती. "स्वतःसाठी चालायला काय, मी रिकामा आहे का?" म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. आता साहेबांचे कुत्रे फिरवायचे म्हणजे ऑफिसचं काम. मग ते कोट-टोपी घालून, विभूती लावून, पहाटे तलावापर्यंत जाऊन येऊ लागले. वाटेत लोक लॉर्डला बघून बाजूला होत. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी वाट दिली नव्हती त्याला आता रिक्षावाले वाट देत होते, टांगेवाले घोडा आवरून धरत होते. काही महिन्यांत त्यांचा कोट सैल झाला. डॉक्टरांनी लघवी तपासून विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?"

इंडे म्हणाले, "अल्सेशियन."

घराची राखण हा कुत्रा पाळण्याचा सगळ्यात मोठा फायदा, असं लोक सांगतात. त्याबाबत आमच्या गल्लीचा अनुभव नोंदवलेला बरा. एका दुपारी गंगाक्का देवळात गेली होती. एक माणूस उघड्या दारातून आत आला, लॉर्डला "सिट" म्हणाला आणि कोपऱ्यातलं तांब्याचं घंगाळ डोक्यावर घेऊन निघून गेला. नरसम्माने त्याला जाताना पाहिलं. लॉर्ड जागचा हलला नाही. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने कुत्र्याला पायापासून कानापर्यंत बघितलं आणि विचारलं, "हा बसून काय करत होता?"

"आज्ञा पाळत होते," इंडे म्हणाले.

"चोराची?"

"आता चोर शिकलेला निघाला, त्याला लॉर्ड काय करणार? सिट म्हटल्यावर बसले. बसले नसते तर दोष देता आला असता." इंड्यांच्या आवाजात अभिमान होता. घंगाळ गेल्याचं दुःख त्यांना झालं नाही असं नाही, पण नोकरीत तीस वर्षं त्यांनी स्वतः यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना कुत्रा आपला वाटला.

कारण त्यानंतर भिंतीपलीकडचं बोलणं बदललं. गंगाक्का म्हणायची, "आज लाडू रुसलाय." इंडे विचारायचे, "का बरं?" मग ती सांगायची, की नरसम्माच्या मांजराने काय केलं, लाडूने काय केलं, मग नळावर कोण काय बोललं, मुलीचा निरोप कसा आला. कुत्र्यावरून सुरू झालेली गोष्ट विजापूरपर्यंत जायची. कधी भांडण व्हायचं. कुत्र्याच्या अंगावर चादर घालायची की नाही यावरून एकदा ती दोघं तासभर भांडली. इतकं भांडायला त्यांच्याकडे यापूर्वी विषयच नव्हता.

आणि रविवारी दुपारी गंगाक्का झोपली की इंडे कुत्र्याशी बोलायचे. चारचौघांत इंग्रजी, पण तेव्हा कानडी. कॅशियरने कसा अपमान केला, नव्या मॅनेजरने सगळ्यांसमोर फाईल कशी भिरकावली, प्रमोशन कुणाच्या भाच्याला मिळालं. मी भिंतीला पाठ लावून ऐकत पडायचो. सोलापुरात राहून कानडी मला आता पुरती कळू लागली होती. तीस वर्षांत न बोललेलं सगळं ते त्या कुत्र्याला सांगत होते. साहेबांच्याच कुत्र्याला. कुत्र्याला कानडी येत नाही, ही केवढी सोय होती!

दोन-तीन वर्षं अशी गेली. इंड्यांची निवृत्ती जवळ आली आणि ते खचू लागले. आमच्या मिलमधून निवृत्त झालेली माणसं फार टिकत नाहीत, असा त्यांचा समज होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. भोंगा वाजला की उठून कपडे करायचे आणि जायला जागा नाही, हा विचार त्यांना सोडेना. मुदतवाढ मिळते, असं ऐकून त्यांनी अर्ज केला. तो अर्ज मंजूर करणं ज्यांच्या हातात होतं ते आमचेच जुने मॅनेजरसाहेब. ते मुंबईत वर चढले होते आणि आता चार मिलचा कारभार बघत होते.

अर्जाचं उत्तर आलं नाही. निरोप आला. साहेब पुढच्या रविवारी सोलापुरात येताहेत, आणि लॉर्डला घेऊन जातील.

तो आठवडा भिंतीपलीकडे पुन्हा शांतता होती. एकदाच इंड्यांचा आवाज आला, "ठेव आहे ती. ज्याची त्याला द्यायला पाहिजे." रविवारी सकाळी तिने लाडूला घंगाळाच्या जागी आलेल्या पत्र्याच्या बादलीत आंघोळ घातली, नव्या टॉवेलने पुसलं आणि साहेबांसाठी शिरा केला. इंड्यांनी कोट-टोपी चढवली. मला त्यांनी बोलावून घेतलं होतं, "इंग्रजी काही जास्तीचं निघालं तर असावं कुणी."

साहेबांची गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतच आली. साहेब चालत आले, खाटेवरच्या नव्या चादरीवर बसले, शिरा खाल्ला. लॉर्डने त्यांना ओळखलं. शेपूट हलवत गेला आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून उभा राहिला.

"फर्स्ट क्लास ठेवलात, इंडे."

"यस सर."

"आमच्या शेठजींच्या धाकट्या चिरंजीवांना असाच कुत्रा पाहिजे होता. मी शब्द देऊन बसलो." 'शेठजी' म्हणताना साहेबांचा हात आपोआप टायकडे गेला आणि त्यांनी ती सरळ केली. इंडे त्या हाताकडे बघत राहिले. "आणि तुमच्या एक्स्टेन्शनचंही बघतो. काळजी करू नका."

"यस सर."

"कम, लॉर्ड."

सिनेमात अशा वेळी कुत्रा जायला नकार देतो. लॉर्ड लगेच निघाला. गल्लीतून ऐटीत चालत गेला आणि गाडीचं दार उघडताच टुणकन आत उडी मारून बसला. कट्ट्याकट्ट्यावर माणसं उभी होती. गंगाक्का दारातच थांबली होती, पदर तोंडाशी धरून. इंडे साखळी आणि लॉर्डची ॲल्युमिनियमची थाळी द्यायला गाडीपर्यंत गेले.

"थाळी राहू द्या हो," साहेब एक पाय गाडीत टाकत म्हणाले. "पोराचं मन भरलं की गोडाऊनवर बांधतील त्याला. आपण काय, एकदा दिला की सुटलो."

इंडे थाळी हातात घेऊन उभे होते. त्यांनी टोपी सरळ केली. "सर," ते म्हणाले. याच्या पुढचा त्यांचा शब्द सगळ्यांना ठाऊक होता. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"कोडंगिल्ला."

"काय?"

"कोडंगिल्ला, सर."

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणतायत हे?"

माझ्या नोकरीचा कागदही साहेबांच्याच टेबलावरून जायचा. "देणार नाही म्हणतात, सर."

साहेब हसले. "इंडे, बरं वाटत नाही का? कुत्रा माझा आहे."

"होय सर. कुत्रा तुमचाच आहे," इंडे अत्यंत अदबीने म्हणाले. "पण देत नाही."

दारातून गंगाक्काची हाक आली, "लाडू! बा इल्ली!" ये इकडे. लॉर्ड उठला. साहेब ओरडले, "सिट!" लॉर्ड बसला. गंगाक्काने पुन्हा हाक मारली, तो पुन्हा उठला. "सिट!" पुन्हा बसला. बिचाऱ्याचे कान एकीकडे आणि बूड दुसरीकडे, अशी अवस्था झाली. इंड्यांनी थाळी माझ्या हातात दिली, गाडीत वाकले, त्या आडदांड प्राण्याला दोन्ही हातांनी कव घातली आणि उचललं. कुठून बळ आलं, कोण जाणे. कुत्र्याचे मागचे पाय त्यांच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, टोपी गटारात पडली होती, आणि लॉर्ड आज्ञाधारकपणे त्या कवेतही बसल्यासारखाच राहिला होता.

"इंडे!" साहेबांचा आवाज आता वेगळा होता. रागापेक्षा त्यात घाबरेपणाच जास्त होता. "मी शेठजींना काय सांगू?"

हा प्रश्न मात्र इंड्यांच्या खात्यातला होता. त्यांनी कुत्र्याच्या पाठीवरून मान बाहेर काढली आणि एका नोकरदाराने दुसऱ्याला सांगावं तसं आपुलकीने सांगितलं, "यस सर म्हणायचं, आन दुसरं आणून द्यायचं की सर. मोठ्या लोकास्नी कुत्र्यातलं काय कळत न्हाय."

गाडी गेली. उरलेला शिरा गंगाक्काने गल्लीत वाटला, नरसम्माला दोनदा. पण इंडे अंथरुणाला पाठ लावून पडले होते, अंगात हुडहुडी भरली होती. मी गेलो तर म्हणाले, "मोरे, मी नेमकं काय बोललो रे?" मी सांगितलं. "सर म्हणालो होतो ना शेवटी?" मी म्हटलं, म्हणालात. मग त्यांना जरा बरं वाटलं.

मुदतवाढ अर्थातच मिळाली नाही. निरोपसमारंभात नव्या मॅनेजरनी, इंडे हे आज्ञाधारकपणाचं मूर्तिमंत उदाहरण होते, असं भाषण केलं आणि मिलचीच एक चादर त्यांच्या खांद्यावर घातली. दुसऱ्या दिवसापासून त्या चादरीवर लॉर्ड झोपू लागला.

मला काळजी होती. पहिल्या सोमवारी भोंगा वाजला तेव्हा मी भिंतीशी कान लावला. पलीकडे धडपड झाली, कपाट उघडल्याचा आवाज झाला. इंडे कोट चढवत असणार. मग थांबले. मग लॉर्डच्या साखळीचा आवाज, आणि गंगाक्काचा, "आता यवडा कोट घालून कशाला? उकडतंय की." त्यांनी कोट काढून ठेवला आणि नुसत्या सदऱ्यावर कुत्र्याला घेऊन बाहेर पडले. दुपारपर्यंत परत आले नाहीत. आले ते मटणवाल्याशी गप्पा मारून आले होते. दुकानाकडे तोंड करून.

एक मात्र झालं. आयुष्यात एकदा नाही म्हटल्यावर इंड्यांना त्या शब्दाची चटकच लागली. भाजीवालीला नाही, वर्गणीवाल्यांना नाही, साखर वाढली म्हणणाऱ्या डॉक्टरला नाही. मुलीच्या सासऱ्यांनी काहीतरी मागणं केलं, त्यांना तर लॉर्डला बरोबर घेऊन, त्यांच्या घरी जाऊन नाही. रेशन दुकानदार मापात मारतो म्हटल्यावर गल्ली यांना पुढे घालू लागली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणंही ते अंगावर घ्यायचे. जिथे मिटवामिटवीने भागलं असतं तिथेही त्यांनी पेटवापेटवी केली. त्यांच्यामुळे नळाला दोन दिवस पाणी आलं नव्हतं, असंही एकदा झालं. गंगाक्का सगळ्यांना सांगायची, "कुत्र्यानं माझा नवरा बिघडवला," आणि हे सांगताना तिचा चेहरा मुलीच्या लग्नातही नव्हता इतका उजळायचा.

सत्तरचं दशक सरता सरता मला पुण्यात नोकरी लागली. निघालो त्या दिवशी इंडे लॉर्डला घेऊन मला स्टेशनवर सोडायला आले. गंगाक्काने वाटेसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती, ती पिशवी त्यांच्या मनगटाला होती. लॉर्ड आता म्हातारा झाला होता, तोंडावरचे केस पांढरे, मागचा एक पाय जड. गाडी सुटायच्या बेतात होती. मी डब्यात चढून खिडकीशी बसलो. इंडे म्हणाले, "मोरे, तुला एक सांगायचं राहिलंय..." एवढ्यात मागून टी.सी. आला.

"ओ काका, फलाटावर कुत्रं चालत नाही. बाहेर न्या."

इंडे सावकाश वळले. "कुत्रं कुणाला म्हणालास?"

"हे काय. याला."

"अहो म्हण आधी त्यांना!"

"प्लॅटफॉर्म तिकीट आहे का त्याचं?"

"माझं हाय. त्यांचं न्हाय. आन काढतबी न्हाय. आमी तीस वर्सं यस सर म्हणलंय, तू कोण मला शिकवणार?" आवाज चढला, मराठीतून कानडीत गेला, तिथून "व्हॉट नॉनसेन्स"वर आला. हमाल जमले, चहावाला किटली खाली ठेवून उभा राहिला. टी.सी. बोलायला तोंड उघडी, पण त्याला जागाच मिळत नव्हती. गाडीने शिट्टी दिली. मी हाका मारल्या, "काका! अहो, पिशवी! पिशवी राहिली!" त्यांना काही ऐकू आलं नाही. ते टी.सी.च्या नाकासमोर बोट नाचवत होते, आणि प्रत्येक शब्दागणिक मनगटावरची शिदोरी हेलकावत होती. उजवीकडे-डावीकडे, उजवीकडे-डावीकडे. इतका सुखी माणूस मी क्वचित पाहिला असेल.

गाडी हलली. गर्दीतल्या एकानेही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. लॉर्ड तेवढा मान वर करून, माझी खिडकी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला होता.